रडीचा डाव

चियातुराच्या कड्याखाली माझं दुकान.
फोन, चार्जर, किल्ल्या,
आणि वरच्या वस्तीतून लोक पिशवीत घालून आणतात ते आजार.

आंब्रोसीने मात्र संगणक छातीशी धरून आणला,
आजारी कोकरू आणावं तसा.
एकतीस वर्षं रोपवेचा पाळणा वरखाली केलेला माणूस.
म्हणाला, ब्राउझर बंद पडतो.
म्हटलं, कधी?
म्हणाला, मी हरायला लागलो की.

मग हळूहळू कळत गेलं.
रोज रात्री तो बुद्धिबळ खेळतो
पुंता अरेनासच्या कुणा ओस्वाल्दोशी.
एकमेकांना पाहिलेलं नाही, भाषा एक नाही,
उंट तिरका चालतो एवढ्यावर दोस्ती.
पंचविसाव्या चालीच्या आसपास
बाण थबकतो,
पट गोठतो,
खिडकी मिटते,
आणि घड्याळ तिकडे चालतच राहतं.

असे अकरा डाव.
बाराव्या दिवशी ओस्वाल्दोचा निरोप आला, यंत्राने उलथा केलेला.
आंब्रोसीने तो कागदावर उतरवून आणला होता.
घडी उलगडून काउंटरवर ठेवली
आणि मी वाचेपर्यंत बाहेर बघत राहिला:
‘मित्रा, हरणं वाईट नाही. पळणं वाईट.’

“रडीचा डाव मी पोरवयातही खेळलो नाही.
वीज गेली, पाळणा मधोमध,
आत अठरा माणसं आणि एक बाळंतीण,
तेव्हासुद्धा हँडल सोडून गेलो नाही.
हे त्याला स्पॅनिशमध्ये लिही.”

म्हटलं, आधी यंत्र बघू.

साठलेलं सगळं पुसलं.
नातवाने चिकटवलेली शेपटं काढली:
एक हवामान सांगणारं, एक कूपनं शोधणारं,
एक कशासाठी ते नातवालाही आठवेना.
ब्राउझर उपटला, पुन्हा लावला,
मग जुनी आवृत्ती, मग दुसराच ब्राउझर.
तासभर नीट. मग धप्प.
‘अरेरे, काहीतरी चुकलं.’
काहीतरी!
दवाखान्यात येऊन ‘कुठंतरी दुखतंय’ म्हणणारी माणसं
मला तेव्हापासून जास्त कळतात.

शेवटी पेटी उघडली.
आत आमच्या गावाची काळी धूळ,
खाण बंद पडली तरी खाली न बसलेली.
ब्रशने झाडली. पंखा फिरवून पाहिला.
रात्रभर मेमरीची तपासणी लावून
स्टोव्हपाशी बसले.
पहाटे पडद्यावर चौदा लाल ओळी.

दोन पट्ट्यांतली एक नासली होती.
डाव वाढतो, पान जड होतं,
ब्राउझर जागा शोधत खाली उतरतो
आणि अंधारात पाय टाकतो तिथे पायरीच नसते.
बिचाऱ्याला उगीच चार ठिकाणी शिव्या घातल्या मी.

पट्टी काढली. “आता अर्धीच स्मृती उरली,” म्हटलं,
“एका वेळी एकच खिडकी. गाणी नाहीत. घाई नाही.”
“माझंही तसंच चाललंय,” आंब्रोसी म्हणाला
आणि टोपी काढून दुकानातच खेळायला बसला.

इथे रात्रीचे दहा, तिथे दुपारचे तीन.
पंचविसावी चाल. आम्ही दोघांनी श्वास धरला.
सव्विसावी.
तिसाव्याला त्याचा हत्ती गेला,
सदतिसाव्याला घोडा; वजीर तर आधीच नव्हता.
आता मान खाली घालून उठता आलं असतं,
राजा आडवा करायचं बटण समोरच होतं.
तो उठला नाही.
उरल्या प्याद्याने एकेक घर सरकत राहिला
आणि त्रेचाळिसाव्या चालीवर, साऱ्या जगासमोर असावा तसा,
मात होऊन बसला.

खिडकी उघडीच होती.
आंब्रोसीने काउंटरवर अशी थाप मारली
की किल्ल्या वाजल्या.
“हरलो! बघ, हरलो!”

जाताना त्याने ती नासकी पट्टी मागितली.
रुमालात गुंडाळली, पुन्हा उलगडली,
उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.
“पुंता अरेनासला टपाल जातं का गं?
पुरावा आहे हा.”

टपालाला संगणकापेक्षा जास्त पैसे पडतील,
हे ओठांवर आलं होतं.
पाकीट शोधून दिलं.