पावतीच्या मागे

ती. झिपरू मास्तर, चंद्रिका बँड, कासोदा यांस,
साष्टांग नमस्कार लिहायचा की नुसता, कळत नाही.
शाळेत फक्त मामाला पत्र शिकवलं.

कागद काट्याच्या पावतीचा आहे, मागची बाजू माझी.
पुढे कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं वजन:
भरलेला, रिकामा, वजा जाता कापूस.
वडील धरणगावला जिनिंगच्या काट्यावर बसतात.

फोनच केला असता. तुमच्या गाडीवर नंबर आहे.
पण मी हॅलो म्हटलं की पलीकडचा म्हणतो, बोला ताई.
गॅसवाला म्हणतो, बँकेतला म्हणतो,
सख्खा मावसा म्हणाला, अगं, बापाला दे फोन.
कागदाला आवाज नसतो.
म्हणून.

*

मास्तर, मला सतरावं चालू आहे.
मिशी फुटली, आवाज फुटला नाही.
परिपाठाला सर म्हणाले, महाजन, तू ओठ नुसते हलव.
वडिलांनी जळगावला डॉक्टरकडे नेलं,
त्याने टॉर्च मारली, आ कर म्हणाला,
म्हणाला, गळा एकदम चांगला आहे.
येताना पाळधीपर्यंत वडील बोलले नाहीत.
चारशे रुपये दिले
आणि काहीच निघालं नाही.

*

वैशाखात तुम्ही आमच्या गल्लीत वरात घेऊन आलात.
आधी बाप्याच्या आवाजात विचारलंत,
मग त्याच माइकमध्ये, मान जराशी कलती करून,
बाईच्या आवाजात उत्तर दिलंत.
मी जनरेटरच्या बाजूने तुमचा गळा बघत होतो.
गाठ एकच होती. वर, खाली.

ज्यांनी मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन
ओढणी गुंडाळली होती
तेच, शर्ट काढून, दातात विसाची नोट धरून ओरडत होते,
मास्तर, बाईना आवाज! आखो एक डाव!

त्या रात्री मी जेवलो नाही. राग नव्हता.
पोटात जागा नव्हती.

*

सीझनला मशिनं चालू असली की मी जिनिंगमध्ये गातो.
तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.
हमाल सोनूबाबाला वाटतं, पोरगा पाढे म्हणतोय.
कापसाचा भुगा तोंडात जातो,
थुंकतो, पुढची ओळ घेतो.

मला एवढंच विचारायचं आहे:
घरी पाणी मागता तेव्हा कोणत्या आवाजात?
झोपेत बरळता तेव्हा?
वडील वारले तेव्हा कोणत्या आवाजात रडलात?
(ते असतील तर माफ करा.)

*

तुमचं उत्तर मिळालं.
लिफाफ्यात छापील कागद: हळद तीन तास, वरात पाच तास,
बाहेरगावी डिझेल वेगळं, वादकांचं जेवण पार्टीकडे.
पोस्टमन म्हणाला, काय रे, लग्न ठरलं का तुझं?
आईने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला,
आणि फ्रीजवर ठेवून दिला.

सहा पत्रं, आणि हे दरपत्रक.
दोन दिवस मी तुमच्याशी बोललो नाही.
मग पुन्हा वाचलं.
प्रश्नाचा दर कुठे लिहिलेला नाही.
तळाशी बारीक अक्षरात: पितृपक्षात बँड बंद राहील.
त्याखाली निळ्या पेनाने रेघ ओढली आहे.

ती तुम्ही ओढलीत,
की कुणी पेन चालतो का बघितलं,
ते मी कुणाला विचारणार नाही.

धरणगावहून एरंडोल, एरंडोलहून कासोदा.
सकाळची गाडी आहे.
इतके दिवस शाळेची भाषा इस्त्री करून घातली,
आता घरची लिहितो.
मास्तर, मी येसू.
दार वाजाडसू. आतूनच इचारा, कोन शे?
मी बोलसू.

भावेश सुकदेव महाजन
(पावती क्र. ११८४च्या मागे)