डाव्या हाताचा दगड

वालासाठी परसात आळं करत होतो,
कुदळ खणकली.
दुसरा घाव घातला नाही, हे बरं केलं.

बोटभर लांबीची गारगोटी,
दुधात हळद कालवताना मध्येच हात थांबावा, त्या रंगाची.
हौदावर धुतली, उन्हात धरली,
कडेकडेनं उजेड आत शिरला.
एका अंगाला पाठ. दुसऱ्या अंगाला धार.

आता धारेबद्दल मला कुणी शिकवू नये.
एकेचाळीस वर्षं बुराईकाठच्या सात गावांच्या दाढ्या केल्या;
वस्तरा कधी रुसतो, कधी चावतो,
मनगटाला पाठ आहे.
हात ओला केला, दगड आडवा टेकवला,
कोपराजवळचे चार पांढरे केस निमूट उतरले.
साबण नाही, पट्टा नाही,
मातीत इतकी वर्षं उपाशी पडून
अजून धार!

मग वाल राहिले बाजूला.
तीन दिवसांत सहा निघाले.
शाळेतले ईशी सर आले, चष्मा कपाळावर सारून
एकेक पारखत म्हणाले,
"माणसानं घडवलेत, आप्पा. लोखंडाच्या आधी, तांब्याच्या आधी,
ज्वारीच्याही आधी."
"ज्वारी नव्हती तं खात काय होते?" कौतिकनं विचारलं.
"मिळेल ते."
"मग बहात्तरला आम्ही तेच खाल्लं," म्हणाली,
आणि चहा ठेवायला आत गेली.

सहावा सगळ्यांत मोठा, तळव्याएवढा.
तो काही माझ्या हातात बसेना.
अंगठ्याची खोबण भलत्याच बाजूला;
फिरवून धरला, तर धार माझ्याकडेच वळली,
रक्ताचा थेंब आला.
वाटलं, घडवणाऱ्याचा घाव चुकला असणार,
माझाही कधी कधी चुकायचा.

कपबशा उचलताना कौतिकनं तो सहज घेतला.
डाव्या हातात.
अंगठा खोबणीत, बोटं पाठीवर,
कोंबडी अंड्यावर बसते तसा.
"हाऊ ते मना हातना शे," ती म्हणाली,
आणि हसलीसुद्धा नाही.

त्याच हातावर तिच्या आईनं तापलेलं उलथनं ठेवलं होतं.
त्याच हातामुळे माझ्या बहिणीच्या लग्नात
तिला पंगतीत वाढू दिलं नाही.
आणि पहिल्याच वर्षी, दुपारी, दुकानातून दमून आलो,
तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला
आणि मी म्हटलं,
उजव्यानं दे.

एवढंच म्हटलं होतं.
तिनं हात बदलला होता.

सकाळी पाहतो, तर दगड मोरीपाशी, ओला,
त्याच्या दात्यांत दोडक्याच्या शिरांचे हिरवे धागे.

रविवारी धुळ्याहून सरांचे कुणी ओळखीचे साहेब आले,
वही, फुटपट्टी, नकाशा घेऊन.
मी डबा उघडला. कापसात पाच.
"सर तर सहा म्हणाले होते?"
आतून खर्र खर्र आवाज येत होता.
ईशी सरांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं,
एकदा माझ्याकडे.

मी म्हटलं,
मोजताना चुकलं असेल, साहेब.
पाचच निघाले.