बोट

तीस हंगाम ह्या बोटानं काहिलीतला पाक जोखला.
गोळी जमली की म्हणायचो, उतरा.

आता सीपीआरमधली पोरगी
त्याच बोटाला सुई टोचती.
दोनशे ऐंशी. मामा, गूळ बंद.

खातोय कुठं? नुसता वास घेतोय, म्हटलं.
खिशात ढेकूळ होतं.

शालन बिनसाखरेचा चहा करती,
स्वतःबी तोच पिती, तोंड वाकडं न करता.
रंकाळ्याला एक फेरी. दम लागला की
बदकं मोजत बसतो.

काल घरी मशीन आलं.
आकडा उमटायच्या आधी
बोट दाबून बघितलं, म्हटलं, एकशेनव्वद.
निघाला दोनशे अकरा.

शालन म्हणली, जाळ जरा कमी करा.