इमारत क्रमांक तीन

एक आणि दोन कधी बांधल्याच नाहीत.
सिमेंट संपलं म्हणतात, किंवा पैसे,
किंवा कारभारी बदलले.
तीन मात्र उभी राहिली, सन एकोणसाठ,
नदीकडच्या अंगाला,
तळमजला धरून सहा मजले.
पंचगंगेवर म्हशी धुवायला निघालेले गडी
मान वर करून बघत राहायचे,
तोवर म्हशी पुढं निघून गेलेल्या.

त्याआधी आमचा लोणार बोळ.
कागदावर त्याचं नाव ‘गलिच्छ वस्ती, गट ब’.
नोटीस वाचून दाखवली तेव्हा कळलं आम्हाला
की आपण गलिच्छ आहोत.
आई त्या दिवशी उंबरा दोनदा सारवत होती.

आडवा बोळ त्यांनी उचलून उभा केला.
जी घरं एकमेकांच्या कुशीला होती
ती एकमेकांच्या डोक्यावर आली.

कोण कुणाच्या डोक्यावर
ते ठरवलं मी.

वय सात. तेल चोपडून दोन घट्ट वेण्या.
नगरपालिकेच्या अंगणात टेबलावर उभी केलेली,
पुढ्यात पितळी घागर, आत चिठ्ठ्या.
‘लहान पोरीच्या हाताला पाप नसतं,’
साहेब बोलले, लोकांनी टाळ्या दिल्या.

नाव पुकारायचं, मी हात घालायचा.
धोंडीराम सातपुते, चौथा मजला.
रावसाहेब इनामदार, तिसरा, बरोब्बर खाली.
पुढची सव्वीस वर्षं
सातपुत्यांची हातोडी पहाटे पाचला
कापशी पायताणाच्या तळव्यावर पडायची
आणि इनामदारांच्या कपाळावर.
सगळ्या मजल्यांवर हसू व्हायचं.
इनामदार गेले तेव्हा
जिन्याच्या वळणावर तिरडी वळेना.
नकाशा काढणाऱ्याला
माणूस मरतो हे सुचलं नसावं.
शेवटी खुर्चीत बसवून उतरवलं त्यांना,
पुढचे दोन पाय सातपुत्यांनी धरले होते.

लिफ्ट येणार होती. तिची विहीर तेवढी आली.
त्यात पारवे, शेणकुटं,
बंद्या शिकलगारचा एकदा पडलेला बोकड.
नळाला जोर दुसऱ्या मजल्यापर्यंत,
वरचं पाणी बायकांच्या कमरेवरून चढायचं.
गच्चीवरून मात्र जोतिबाचा डोंगर दिसे,
अगदी हाताशी.

आता ते सांगते.

‘जैतुनबी मणेर,’ पुकारा झाला.
घामेजलेल्या तळव्याला दोन चिठ्ठ्या चिकटल्या.
एकीवर पहिला मजला. एकीवर पाचवा.
आकडे मला वाचता यायचे.
यादीत पुढचं नाव आमचं होतं.
पहिला मी घागरीत परत सोडला
आणि पाचवा वर धरला.
टाळ्या.
मग आमचं नाव. घागरीचा तळ खरवडला मी.
तिसरा निघाला.
पहिला गेला कुणा निंबाळकराकडे,
त्यानं दोन महिन्यांत विकला.

जैतुनबीला दमा.
नव्वद पायऱ्या. चौपन्नाव्या पायरीवर आमचं दार.
तिथं ती टेकायची, पिशवीतली मेथी मांडीवर,
छातीत भाता चाललेला.
मी तांब्या न्यायचे.
‘लै पुण्य लागंल पोरी तुला,’ म्हणायची
अन् उरलेल्या छत्तीस पायऱ्यांकडं बघायची.
अकरा वर्षं.
मी लग्न होऊन इचलकरंजीला गेले,
ती कधी टेकायची थांबली ते विचारलं नाही.

परवा तांबड्या रंगात लिहून गेलेत: धोकादायक.
खालच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा,
वरची अलीकडची.
नवी बावीस मजली होणार,
लिफ्ट आधी दाखवली चित्रात.
सोडत झाली हॉलमध्ये.
एका पोरानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं,
पडद्यावर नावं धावली, थांबली.
मुलगा म्हणाला, ‘आई, पहिला मजला आला आपल्याला.’

मी तळवा पदराला पुसला.
कोरडाच होता.
पुन्हा पुसला.