बस

अदिस अबाबाहून आली सेलाम, चार वर्षांसाठी,
साखर पेठेत, आमच्या माडीवर.
एक बॅग, आणि ओढणीत गुंडाळलेली मातीची सुरई,
कॉफीची म्हणे. विमानात कान तुटलेला.

मी दाखवलं, हा पंखा, ही कडी,
पाणी पाचव्या दिवशी, तांब्यासुद्धा भरून ठेव.
तिनं बोटं मोजली, मान हलवली.
तिकडेही तसंच असावं.

दोन रात्री तिचा दिवा जळत होता.
खाली आमचे चार माग.
आम्हाला ते ऐकूच येत नाहीत.
तिसऱ्या रात्री वीज गेली
आणि त्या शांततेनं मी दचकून उठले.
वर जाऊन बघते तर
पोर दारातच आडवी, गाढ.

सिरसिल्ल्याहून नांदायला आले तेव्हा
मला मराठी एकच शब्द यायचा : बस.
म्हणजे पुरे.
शेजारणी ओट्यावरून हाक मारायच्या, बस गं, बस ना,
आणि मी पदर सावरून
मुकाट घरी.
वर्षभर त्या मला गर्विष्ठ समजल्या.

सकाळी सेलाम खाली आली, रिकामी बादली घेऊन.
मी काही बोलले नाही.
पाट सरकवला.
माग अजून बंदच होते.