ओठ जुळले पाहिजेत

कुमठेकर रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाखालच्या तळघरात
सव्वा वर्ष झालं, मी उडतो आहे
बांबूच्या या शेंड्यावरून त्या शेंड्यावर,
पांढऱ्या झग्यात, एका पायावर,
वारा नसतानाही भुरभुरणारे केस घेऊन.
प्रत्यक्षात स्टुलावर. नुसत्या मोज्यांनी,
कारण भालेकरला माइकमध्ये बुटांची करकर चालत नाही.

दिवसा मी पाणीपट्टीच्या खिडकीत बसतो.
तिथे माझा आवाज कुणालाच आवडत नाही.
सहानंतर मी फेंग जिंग,
दक्षिणेचा अजिंक्य खड्गवीर,
जो फक्त बदकांना भितो.

चाळीस भाग. दर भागात लान युन
त्याला ठार मारायला येते
आणि काहीतरी आडवं येतं:
शिंक, जत्रा, तिच्याच गुरूचं बिघडलेलं पोट.
एकविसाव्यात तर तिने झोकात हात घातला म्यानात
आणि उपसलं लाटणं.

मराठी संवाद खांबेटेबाईंचे.
त्यांनी लिहिलं, ‘मी तुझा शिरच्छेद करीन.’
भालेकर म्हणाला, बाई, तिचं तोंड ‘शिर’लाच मिटतंय,
‘च्छेद करीन’ कुठून बोलणार, नाकातून?
ओठ जुळले पाहिजेत.
बाईंनी चष्मा पुसला, खोडलं,
आणि लिहिलं, ‘बघतेच!’
तेव्हापासून चीनचं ते अख्खं जुनं साम्राज्य
जरा सदाशिव पेठेतलं बोलतं.

लान युनचा आवाज हेमलता कोपर्डे यांचा.
मी त्यांना पाहिलेलं नाही.
त्या दुपारी बोलून जातात, मी रात्री उत्तर देतो.
हेडफोनचा उजवा कान गेलेला,
म्हणून त्या नेहमी माझ्या डावीकडे.
त्या ओरडल्या की मी पळतो.
त्या रडल्या की थांबतो, तिथे थांबायचं नसलं तरी.
एकदा संवाद संपल्यावर फाईलमध्ये राहून गेलं होतं,
‘अय्या, पाणी आहे का हो?’
पाणी. मला विचारत होत्या असं नाही,
पण खात्यात एकोणीस वर्षं काढल्यावर
माणूस हो म्हणतोच.
पुसू नकोस, मी भालेकरला म्हटलं.
पुसावंच लागतं, तो म्हणाला.
पुसण्याआधी त्याने ते आणखी एकदा वाजवलं.

मग आला अडतिसावा.
पौर्णिमा, नदी, होडी, होडीभोवती बदकं.
फेंग जिंगला आज सांगून टाकायचंय.
त्याच्या भाषेत त्याला तीन अक्षरं पुरतात.
आपल्यात ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ होईस्तोवर
होडी बुडते.
‘तू आवडतेस’ला दात भलत्या वेळी दिसायचे.
‘जीव जडला’ म्हणताना मलाच हसू आलं.
रात्रीचे पावणेअकरा. बाई पेंगुळलेल्या,
कागदावर सात ओळी, सातही खोडलेल्या,
आणि कोपऱ्यात भालेकर फोनवर बायकोला म्हणाला,
‘जेवलीस?’

आम्ही तिघांनी पडद्याकडे पाहिलं.
ओठ जुळले होते.

पुढच्या रविवारी, नळ स्टॉपच्या सिग्नलला,
माझ्या डाव्या हाताला एक स्कूटर,
पुढे घाबरून घट्ट ब्रेक धरलेली शिकाऊ मुलगी,
मागे पाठीवर ‘महिला वाहन प्रशिक्षण, वारजे’ असं जाकीट,
आणि आडव्या घुसलेल्या मोटारीला
हेल्मेटच्या आतून खणखणीत:
‘बघतेच!’

चोपन्न सेकंद होते. मी एकेचाळीस घालवले.
मग माझे ओठ हलले,
आवाज बराच मागाहून आला,
भालेकरने तो टेक कधीच ठेवला नसता.
‘जेवलात?’

सकाळचे आठ वाजले होते.

त्यांनी हेल्मेटची काच वर केली.
सिग्नल हिरवा झाला.
मागून हॉर्न सुरू झाले, भसाड्या आवाजाचे, गळा ताणून,
थेट बदकांसारखे,
आणि मी, दक्षिणेचा अजिंक्य,
जागचा हललो नाही.