चोपन्न ते साठ

काचेच्या नळकांड्यात जांभळा उजेड पेटतो
आणि पंप एका सुरात घोरत राहतो.
उद्यमबागेतली शेड. पलीकडच्या फाउंड्रीत
लोखंड ओततात, तिथं विचारावं लागत नाही
किती तापलंय म्हणून. रंगच ओरडून सांगतो.
इथं उजेड आहे, धग नाही.
म्हणजे आहे, पण कुणाची?
इलेक्ट्रॉन वीस हजार अंशांवर भिरभिरतात,
वायू जेमतेम कोमट,
आणि दोघांच्या तावडीत, काचपट्टीवर ताणलेलं,
गुरुनाथ धोत्र्यांचं बोटभर रेशीम,
वडगावच्या मागावरून उतरलेलं.
त्याला काय होतंय
ते त्याचं त्यालाच माहीत.

“डाग पडायचा नाही न्हवं?” त्यांनी विचारलं होतं.
नाही म्हणाले मी.
आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

आधी तार लावली, केसाइतकी बारीक.
आकडा आला तीनशे बारा.
मग उणे चाळीस.
मग काहीच नाही.
तापमान सांगायला पाठवलेली तार
प्लाझ्मातच जाऊन बसली,
पंगतीत वाढायला गेलेल्या बाईनं
पहिल्याच घासाला ताट ओढून घ्यावं तशी.

मग ती लाल ठिपक्याची बंदूक. बाहेरून रोखली.
सत्तावीस.
उजेड पेटण्याआधीही सत्तावीसच होतं.
शिवलीला हसायला लागली, “अय्यो,
ती काच मोजायलीय की गं!”

मग म्हटलं, विझवूनच बघू.
वीज बंद, हवा आत, झाकण वर, तार टेकव,
कितीही घाई केली तरी तीस सेकंद जातात.
तिसाव्या सेकंदाला एक्केचाळीस,
साठाव्याला अडतीस, नव्वदाव्याला छत्तीस.
ठिपके जोडत रेघ मागं ओढली
तर शून्यापाशी पंचेचाळीस येतं.
कागदावर येतं.
पण आत घुसताना हवा काय काय घेऊन गेली
त्याची नोंद कुठं?
पेटलेलं असतं तेव्हा हात लावता येत नाही,
हात लावता येतो तेव्हा ते पेटलेलं नसतं.

शेवटी शिवलीलेनंच आणल्या पट्ट्या,
संकेश्वरला भावाचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे तिथून.
नखाएवढी पट्टी, पाच पांढरे ठिपके.
आपापला अंश आला की एकेक काळा पडतो
आणि पुन्हा कधी पांढरा होत नाही.
रेशमाखाली चिकटवली.
दहा मिनिटं धरायची होती,
सातव्याला हेस्कॉमनं लाईट घालवली.
ती पट्टी वाया. दुसरी लावली.
आम्ही दोघी घड्याळाकडं बघत गप्प,
डब्यातली भाकरी तशीच.

तीन काळे. दोन पांढरे.
“एष्टु बिसी?” तिनं विचारलं.
चोपन्नाच्या वर. साठाच्या खाली.
“मधे कुठं?”
मधलं ठिपके सांगत नाहीत.

तिनं वहीत कन्नडमध्ये लिहिलं,
खाली मी मराठीत.
तिची ओळ माझ्या ओळीपेक्षा गोलसर,
आकडे दोघींचे सारखे.

संध्याकाळी धोत्रे आले, सायकल शेडला टेकवून.
चिंधी आधी ओठांना लावली,
चिवट आहे का ते त्यांना तिथंच कळतं.
मग मी पाण्याचा थेंब सोडला.
न पेटवलेल्या तुकड्यावर तो मण्यासारखा थांबला,
पेटवलेल्यानं गिळून टाकला.
धोत्रे वाकून बघत राहिले.
“किती तापलं हुतं?”
चोपन्न ते साठ.
“म्हंजे बशीतला चा,” ते म्हणाले,
आणि पट्टी मागून घेतली, ती काळी पडलेली,
उलटीपालटी केली, चष्म्याच्या डबीत ठेवली.
कशाला हवी ते मी विचारलं नाही.

ते गेल्यावर पुढचा तुकडा आत ठेवला.
जांभळं पुन्हा पेटलं.
मी काचेवर तळवा ठेवला,
आणि तळव्याला, बंदुकीसारखंच,
सत्तावीस लागलं.